प्रतिज्ञापत्रात खड्ड्याचे माप हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दगडखाणींची आणि रेती उपशाची प्रकरणे उच्च न्यायालयात किंवा पुण्याच्या हरित लवादापुढे (पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणापुढे) येतात, तेव्हा प्रशासनाच्या प्रतिज्ञापत्रात बहुधा कारवाईची मोजदाद असते. इतके सक्शन पंप नष्ट केले, इतक्या बार्ज बुडवल्या, इतके डंपर जप्त, इतका दंड. ठाणे खाडीतून किंवा पारसिकच्या डोंगरातून नेमके किती गेले, हे यातल्या एकाही आकड्यावरून कळत नाही. ते कळते खड्ड्याच्या घनफळावरून. न्यायालयांनी दर सुनावणीला तेच मागावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कर्नाटकातल्या बेल्लारीत हे झाले आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथला लोहखनिजाचा उपसा थांबवला आणि संयुक्त पथकांकडून प्रत्येक पट्ट्याची, म्हणजे खाणकामासाठी दिलेल्या जागेची, हद्द नव्याने मोजून घेतली. हद्दीबाहेरचा खड्डा पट्ट्याच्या क्षेत्राच्या १० टक्क्यांपेक्षा किंवा हद्दीबाहेर टाकलेला ढिगारा १५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, तर पट्टा थेट ‘क’ वर्गात, म्हणजे सर्वात गंभीर उल्लंघनाच्या वर्गात. २०१३ च्या निकालाने ‘क’ वर्गातले ४९ पट्टे रद्द झाले. त्या निकालाला धार आली ती मोजणीमुळे.

आपल्याकडे दगडखाणींची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या यंत्राने) मोजणी होते, ड्रोनही आले. पण मोजणी फसते कुठे, हे ओळखून आदेश दिला पाहिजे. पट्टा देतानाचा समोच्च रेषांचा (जमिनीचे चढउतार दाखवणारा) नकाशा नसेल, तर ‘हा खड्डा जुनाच आहे’ या उत्तरापुढे कोणाचेच काही चालत नाही. हद्दीचे खांब सुरुंगात उडतात किंवा सरकवले जातात. म्हणून बेंचमार्क, म्हणजे उंची मोजण्याची कायमची खूण, पट्ट्याबाहेरच्या, कधीही फोडला न जाणाऱ्या खडकावर कोरलेला हवा आणि प्रत्येक मोजणी त्याच खुणेवरून व्हायला हवी.

सर्वात मोठा घोळ ब्रासचा. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. एक हेक्टरची खाण एक मीटर खोल गेली की १०,००० घनमीटर अखंड खडक निघतो. तो सुमारे ३,५३३ ब्रास. पण काळा पाषाण फोडला की साधारण दीडपट फुगतो, आणि डंपरमध्ये चढताना तोच दगड ५,३०० ब्रास होतो. खड्ड्याचा आकडा अखंड खडकाचा आणि वाहतूक परवान्यांचा आकडा फोडलेल्या मालाचा. दोन्हीकडे ३,५३३ दिसले तर हिशेब जुळला असे वाटते. प्रत्यक्षात एकतृतीयांश दगड स्वामित्वधन (सरकारची रॉयल्टी) न भरता गेलेला असतो. यावर उपाय वजनाचा. खडक फुगला तरी वजन बदलत नाही. घनमीटरला २.८ टन धरले तर तो दगड २८,००० टन, म्हणजे १६ टनी डंपरच्या १,७५० फेऱ्या. वरची माती आणि मुरूम वजा करून, त्या काळातले परवाने आणि वजनकाट्याच्या पावत्या याच्याशी पडताळाव्यात.

पावसाळ्यात खाण भरते आणि ड्रोन पाण्याची पातळीच तळ म्हणून नोंदवतो. बंद खाणीत डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) ओतले की तळ वर येतो, कागदावर खोली कमी दिसते. नवी मुंबईत हे दुखणे जुने आहे. अशा ठिकाणी पाणी उपसून, चार-पाच जागी भोके पाडून खरा खडक कुठे लागतो ते पाहिल्याशिवाय मोजणी ग्राह्य धरू नये. शेजारच्या खाणी एकत्रच मोजाव्यात. दोन पट्ट्यांमध्ये हद्दीपासून प्रत्येक बाजूला सोडायची साडेसात मीटरची भिंत बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी खाल्लेली असते. खाणीचे छोटे तुकडे करून पर्यावरण मंजुरी टाळण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात २०१२ सालीच बंद केली. पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यालाही मंजुरी लागते.

खाडीत काम जास्त अवघड. २०१० साली उच्च न्यायालयाने रेती उपशाला स्थगिती दिली, तरी मुंब्रा-खारेगावच्या बाजूला सक्शन पंप सापडत राहिले. पंपाने शंकूसारखा खड्डा पडतो, कडा आत ढासळतात, काठावरची तिवरे कलतात. थोड्या दिवसांत तो खड्डा गाळाने भरतो आणि तळ पुन्हा सपाट दिसतो. रेती मात्र परत आलेली नसते. त्यामुळे पंप पकडल्यापासून आठवड्याभरात इको साउंडरने (ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राने) तळाचे छेद घ्यावेत, भरती-ओहोटीची दुरुस्ती करावी आणि तळाचे नमुनेही काढावेत. पुलांच्या खांबांजवळचे छेद अधिक दाट हवेत. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, निदान त्या हद्दीत तरी एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. पर्यावरण मंजुरीविना काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत वसूल करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या खाणींच्या प्रकरणात २०१७ साली सांगितले. दोन्हींचा पाया परिमाण, म्हणजे नेमके किती काढले, हा आहे. ते नसेल तर डोंगर गेला तरी दंड पकडलेल्या एका डंपरचाच होतो.

तक्रारदारांनीही मुदत सांभाळावी: हरित लवादात कलम १४ खालच्या (पर्यावरणाच्या वादाच्या) अर्जाला सहा महिने, कलम १५ खाली भरपाई मागायला पाच वर्षे. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावाच लागतो. त्या प्रत्येक अहवालाला घनफळाचा तक्ता जोडण्याची अट न्यायालयाने घालावी. जूनच्या अहवालासाठी मोजणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, तळ कोरडा असताना, आणि डिसेंबरच्या अहवालासाठी नोव्हेंबरमध्ये, खाणीतले पाणी उपसल्यावर.

आपला,
एक निवृत्त भूमापक, ऐरोली