पेट्यांचा हिशेब आणि जुना रस्ट

हॅम्बुर्ग, रविवार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो मिळाला. कोपऱ्यात अण्णांचा अंगठा आलाय, पण एरर वाचता आली. पेट्यांच्या हिशेबाचा तुझा प्रोग्राम ठीक आहे रे, उगाच चार रात्री त्यात चूक शोधत बसलास. अडतंय ते जुन्या रस्टपाशी, म्हणजे तू प्रोग्राम लिहिलास त्या भाषेच्या कंपायलरपाशी (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवतो तो).

तुझ्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि त्यातला रस्ट १.६३, म्हणजे ऑगस्ट २०२२ चा. तू घेतलेल्या एका लायब्ररीला (दुसऱ्याच्या तयार कोडला) रस्टची २०२४ ची एडिशन, म्हणजे भाषेच्या नियमांची आवृत्ती, लागते, ती आली फेब्रुवारी २०२५ मध्ये, १.८५ बरोबर. एपीटी, म्हणजे डेबियनचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन, दहादा अपडेट करून काय होणार? डेबियन एकदा बाहेर पडली की आतली व्हर्जनं गोठतात, पुढे येतात त्या सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्या. रस्ट मात्र दर सहा आठवड्यांनी नवा. डेबियन १३ मध्ये १.८५ आहे, पण देवगडातून रोज पेट्या वाशीला जात असताना अख्खी सिस्टीम बदलायच्या भानगडीत पडू नकोस.

अण्णा म्हणालेच असतील, "जुना झाला तर टाकून दी." या वेळी त्यांचं ऐक. 'सुडो एपीटी रिमूव्ह रस्टसी कार्गो' कर (सुडो म्हणजे ॲडमिनचे अधिकार, रस्टसी म्हणजे तोच कंपायलर आणि कार्गो लायब्रऱ्या आणून प्रोग्राम बांधतो). तयार झालेल्या प्रोग्रामना कंपायलर लागत नाही, त्यामुळे बाकी काही अडणार नाही. जुना तसाच ठेवलास तर रस्टअप (नवा रस्ट बसवणारा प्रोग्राम) आधी त्याच्यावरूनच हटकतो. ऑटोरिमूव्ह, म्हणजे मागे उरलेलं आपोआप काढणारी आज्ञा, मात्र नको. रस्टसोबत आलेला जीसीसी हा सी भाषेचा कंपायलरही जायचा आणि मग प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर सापडत नाही म्हणून नवं रडगाणं. पायथॉनला तर हातच लावू नकोस. मी एकदा 'जुना' म्हणून काढला आणि डेस्कटॉपच गायब. रात्रभर काळ्या पडद्याकडे बघत बसलो होतो.

मग रस्टअपच्या साइटवरची इन्स्टॉलची ओळ टर्मिनलमध्ये टाक. तो विचारेल तेव्हा कस्टमाइज घेऊन प्रोफाइल 'मिनिमल' सांग. नाहीतर डॉक्युमेंटेशनच्या हजारो बारीक फायली उलगडताना तुझी जुनी हार्डडिस्क धापा टाकेल. हे सगळं तुझ्या होम फोल्डरात बसतं, सुडो लागत नाही. लगेच कार्गो सापडला नाही तर घाबरू नको. टर्मिनल बंद करून नवा उघड, म्हणजे पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे ती यादी) नीट वाचला जाईल.

आईला सांग, आमसुलं पोचली, सोलकढीही केली. पहिल्या पेटीला काय भाव मिळाला ते लिही.

तुझा,
दादा