अंतिम मुदत ८ तारखेची, आवक शिक्का ११ तारखेचा: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: पर्यावरणशास्त्रातील पीएचडी संशोधकांपर्यंत मुदत संपल्यावर पोहोचणाऱ्या प्रशिक्षणाच्या सूचना आणि थकलेली फेलोशिप.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी पर्यावरणशास्त्रात पीएचडी करणारी विद्यार्थिनी आहे. पंचगंगेच्या पाण्यात आणि गाळात साठणाऱ्या जड धातूंवर माझे काम चालू आहे. माझी नोंदणी ज्या विद्यापीठात आहे ते नदीपासून लांब, दुसऱ्या जिल्ह्यात आहे. त्या विद्यापीठाचे, मला फेलोशिप देणाऱ्या संस्थेचे आणि ज्या प्रशिक्षणामुळे हे पत्र लिहावे लागत आहे ते ठेवणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. कोणा एका कारकुनावर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही, आणि खरे सांगायचे तर, नावे लिहिल्यावर माझ्या कागदांचे काय होईल याची मला भीती वाटते.

घडले ते असे. पाण्यातील धातूंचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर दहा दिवसांचे निवासी प्रशिक्षण दुसऱ्या राज्यातील एका सरकारी संस्थेने जाहीर केले. निवड झालेल्या संशोधकाला स्वतःचे नमुने सोबत आणून तेथेच तपासता येणार होते. सूचनेवर तारीख २२ ऑगस्टची होती आणि अर्जाची अंतिम मुदत ८ सप्टेंबर होती. आमच्या विभागाच्या प्रतीवर आवक शिक्का ११ सप्टेंबरचा आहे. मला ही बातमी ६ तारखेला रात्री मिळाली, तीही दुसऱ्या विद्यापीठातील एका मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली म्हणून. अर्जावर मार्गदर्शकांची, विभागप्रमुखांची आणि कुलसचिवांची अशा तीन सह्या व तीन शिक्के हवे होते, आणि ७ तारखेला रविवार होता. ८ तारखेला मी सकाळी दहापासून कुलसचिवांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून राहिले, कारण साहेब बैठकीसाठी मुंबईला गेले होते आणि प्रभारी अधिकाऱ्यांना सहीचा अधिकार आहे की नाही हे संध्याकाळपर्यंत कोणाला ठरवता आले नाही. अखेर सही झाली आणि रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मी अर्ज पाठवला.

माझी निवड झाली. भावाकडून उसने पैसे घेऊन मी तत्काळचे तिकीट काढले. निघण्याच्या आदल्या रात्री एका ओळीचा ईमेल आला की, अपरिहार्य कारणास्तव प्रशिक्षण रद्द करण्यात येत असून पुढील तारीख यथावकाश कळवण्यात येईल. तत्काळच्या आरक्षित तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. मी फोन केला, तेव्हा पुढच्या आर्थिक वर्षात पाहू, असे उत्तर मिळाले.

महोदय, ‘पुढच्या आर्थिक वर्षात’ या शब्दांचा माझ्या कामासाठी काय अर्थ होतो, हे मला सांगू द्या. प्रयाग चिखलीपासून राजाराम बंधारा, रुई आणि तेरवाडमार्गे नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत मी मे महिन्याच्या १८ ते २० तारखांना छत्तीस बाटल्या भरल्या. पावसाळ्याआधी नदी सर्वांत आटलेली असते आणि शहराचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी तिच्यात सर्वांत दाट असते, म्हणून हेच दिवस महत्त्वाचे असतात. धातूंसाठीचा नमुना जागेवरच नायट्रिक आम्ल घालून टिकवावा लागतो आणि तसा टिकवलेला नमुनाही सहा महिन्यांच्या आत तपासावा लागतो. म्हणजे माझ्या पहिल्या बाटल्यांची मुदत १८ नोव्हेंबरला संपते. त्यानंतर त्यांतून निघालेला आकडा कोणताही परीक्षक मान्य करणार नाही, आणि मीही करणार नाही. तशीच नदी मला पुन्हा येत्या मे महिन्यात मिळेल, पण ते पाणी या वर्षीचे नसेल. एका ओळीच्या ईमेलने माझे एक वर्ष गेले.

पीएचडीला वर्षे मोजून मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीनुसार कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षे. माझी नोंदणी २०२१ ची आहे. मुदतवाढीचा अर्ज करता येतो हे मला माहीत आहे, पण मुदत वाढली म्हणून फेलोशिप वाढत नाही.

आता फेलोशिपविषयी. माझी फेलोशिप अकरा महिन्यांपासून थकलेली आहे. दिवाळीच्या आत थकबाकी जमा होईल, असे आम्हा संशोधकांना संबंधित कार्यालयात समोरासमोर सांगण्यात आले होते. दिवाळी झाली. पोर्टलवर माझ्या नावासमोर ‘त्रुटी’ असा एकच शब्द दिसतो. कोणती त्रुटी, हे तेथे लिहिलेले नाही. मी हजेरीपत्रक, प्रगती अहवाल, घरभाड्याचा करारनामा आणि रद्द केलेला धनादेश हे सर्व तीनदा पाठवले आहे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा दर ३१ हजारांवरून ३७ हजार झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याचे मोठे मथळे आले होते. त्या मथळ्यांमुळे माझ्या घरमालकांना असे वाटते की, मी दरमहा ३७ हजार रुपये घेते आणि भाडे मात्र देत नाही. मी एकतीस वर्षांची आहे. संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी नदीवर जाण्याचा खर्च काढते. आईने माझ्या लॅपटॉपसाठी पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. त्या अजून सुटलेल्या नाहीत आणि ती त्याविषयी एक शब्दही बोलत नाही. नातेवाईक तिला विचारतात की मुलगी अजून शिकतेच आहे का, आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे तिला मी अजून शिकवू शकलेले नाही.

आपल्याला वाटेल की ही एका मुलीची अडचण आहे. तसे नाही. मी दोन वर्षांपासून एका वहीत प्रत्येक सूचनेची तारीख, अंतिम मुदत आणि आमच्या विभागाचा आवक शिक्का लिहून ठेवते. तेवीस सूचनांपैकी चौदा मुदत संपल्यावर पोहोचल्या, आणि ज्या वेळेवर आल्या त्यांतील चारांसाठी तीन दिवसही हाती नव्हते. ही फक्त एका विभागाची मोजणी आहे, तरी इतर विद्यापीठांतील मित्रमैत्रिणी जे सांगतात ते यापेक्षा वेगळे नाही. सूचना मंत्रालयातून किंवा संस्थेतून विद्यापीठाकडे येते, तेथे तिला आवक क्रमांक मिळतो, ती कुलसचिवांच्या टेबलावरून शैक्षणिक विभागात जाते, तेथून तिच्या छायाप्रती निघतात, शिपाई त्या आठवड्यातून दोनदा वाटतो, आणि शेवटी आमच्या फलकावर टाचणीने जी प्रत लागते तिच्यावरची मुदत वाचता येत नाही इतकी ती पुसट असते. ज्याच्या ओळखीचे कोणी दिल्लीत, पुण्यात किंवा बंगळूरमध्ये आहे त्याला बातमी पहिल्या दिवशी कळते. ज्याचे कोणी नाही त्याला ती फलकावर कळते. २०२० मध्ये केंद्राने ‘अ‍ॅक्सिलरेट विज्ञान’ योजनेत ‘कार्यशाला’ आणि ‘वृत्तिका’ हे उपक्रम सुरू केले, तेव्हा लहान विद्यापीठांतील मुलांना मोठ्या प्रयोगशाळांतील यंत्रांवर हात ठेवता येईल, हा त्यामागचा विचार अगदी योग्य होता. पण योग्य विचारसुद्धा टाचणीच्या फलकावरच येऊन थांबत असेल, तर त्याचा लाभ ज्यांच्याकडे आधीच यंत्रे आहेत त्यांनाच होतो.

आमच्या विषयाची आणखी एक अडचण आहे, जी आपल्या विभागातही फार जणांच्या लक्षात येत नसावी. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, पृथ्वीविज्ञान यांसाठी सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान संशोधन परिषदेची नेट, म्हणजे फेलोशिप आणि प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा आहे. तिच्या पाच विषयांत पर्यावरणशास्त्र नाही. आम्हाला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेटला बसावे लागते, जिथे बहुतेक विषय भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे आहेत. विज्ञानाच्या मुलांना वाटते की आम्ही त्यांचे नाही, आणि इतरांना वाटते की आम्ही विज्ञानाचे आहोत. १८ जून २०२४ रोजी ती परीक्षा देशभरात ९ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिली. त्यांत मीही होते. दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला, ती रद्द झाली. ऑगस्टच्या अखेरीस मी पुन्हा बसले, त्याच काळात पंचगंगेला पाणी चढलेले होते आणि माझे पावसाळ्यातील नमुने घेण्याचे दिवस निघून गेले.

आणि एवढे करून पीएचडी झाली, तर पुढे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे आदेश दिले आणि पुढे प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला तो सक्तीने शिकवला जाऊ लागला. म्हणजे राज्यातील प्रत्येक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयात हा विषय आहे. मग त्या विषयाचे प्राध्यापक कुठे आहेत? मी ज्या महाविद्यालयांत चौकशी केली तेथे हा पेपर कधी भूगोलाच्या, कधी वनस्पतिशास्त्राच्या, कधी मराठीच्या प्राध्यापकांकडे, ज्यांचा कार्यभार कमी पडतो त्यांच्याकडे दिलेला असतो. मला जे देऊ केले गेले ते तासिका तत्त्वावरचे काम होते, ज्याचे पैसे सत्र संपल्यावर मिळतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळतच नाहीत.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, फेलोशिपच्या चर्चेत, पीएचडी करून ही मुले काय दिवा लावणार, अशा आशयाचा प्रश्न सरकारच्या बाजूने विचारला गेला. तो ऐकला तेव्हा मी रडले होते. आज मी त्याचे उत्तर देते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी आम्ही काठावरच बाटलीत दोन रसायने घालतो. प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. गेल्या उन्हाळ्यात एका बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मी ती रसायने घातली आणि साका दुधासारखा पांढरा बसला. त्या पाण्यात श्वास घेण्यासारखे काहीच उरलेले नव्हते. तीन दिवसांनी तेथेच मासे पोट वर करून तरंगत होते आणि लोक ते टोपल्यांत भरून नेत होते. ही बाटली कोणीतरी भरली पाहिजे. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसे गेली, तेव्हा पाणी कोण तपासत होते, हा प्रश्न सर्वांनी विचारला. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडले गेले, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. दोन्ही वेळा शास्त्रज्ञ काय करत होते, असे विचारले गेले. पश्चिम घाटाचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ पासून सरकारकडे आहे. वायनाडमध्ये डोंगर कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, पश्चिम घाटाचा भाग संवेदनशील क्षेत्र ठरवण्याच्या मसुद्याची सहावी अधिसूचना निघाली. सहा मसुदे काढायला या व्यवस्थेला वेळ मिळतो. डोंगर, नदी आणि हवा मोजणाऱ्या माणसाला घडवायला, त्याला यंत्रापर्यंत न्यायला आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यायला मात्र वेळ मिळत नाही. जुलै २०२२ पासून संशोधन संस्थांच्या उपकरणांवरील जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तोही याच व्यवस्थेने केला. मला ही साधी दिरंगाई वाटत नाही. पर्यावरणाविषयी खरी माहिती हाती येऊ नये, यातच अनेकांची सोय आहे, असे मला आता वाटू लागले आहे, आणि असे वाटणे माझ्यासारख्या मुलीसाठी फार वाईट आहे, कारण मी या विषयात विश्वासाने आले होते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रशिक्षण, फेलोशिप आणि कार्यशाळांची प्रत्येक सूचना विद्यापीठांनी ती मिळाल्याच्या दिवशी थेट नोंदणीकृत संशोधकाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर, मराठीतही, पाठवावी. अर्जाला किमान तीस दिवस मिळावेत आणि तीन ओल्या सह्यांऐवजी मार्गदर्शकांची एक डिजिटल सही पुरेशी मानावी. निवड झालेल्याला प्रवासखर्च आगाऊ मिळावा आणि प्रशिक्षण रद्द झाले तर रद्द करणाऱ्याने तो भरावा. फेलोशिप महिन्याच्या पाच तारखेला जमा व्हावी, आणि पोर्टलवर ‘त्रुटी’ लिहिणाऱ्याने कोणती त्रुटी हे त्याच ओळीत लिहावे. पर्यावरण अभ्यास शिकवण्यासाठी त्या विषयाच्या पदव्युत्तर आणि पीएचडीधारकांची पदे मंजूर व्हावीत. यांतील बहुतेक गोष्टींना नवा पैसा लागत नाही. आपल्या विभागाचे एक परिपत्रक लागते, आणि ते विभागांत त्याच आठवड्यात पोहोचले पाहिजे.

माझ्या बाटल्या सध्या विभागातील शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. प्रत्येकीवर ठिकाण, वेळ आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आहे. राज्यातील ज्या सरकारी प्रयोगशाळांत हे यंत्र आहे, त्यांपैकी एकीला आपण १८ नोव्हेंबरच्या आत सांगितले, तर मी त्या रात्रीच्या एसटीने नमुने घेऊन निघेन. शुल्क मी हप्त्यांनी भरेन.

आपली नम्र,
पर्यावरणशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी