सामाईक महासंगणक केंद्र : यंत्राआधी जागा, वीज आणि माणसे

महोदय,

लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचे रत्नागिरी उपपरिसर या तिन्ही ठिकाणच्या संशोधकांसाठी एकच सामाईक महासंगणक केंद्र उभारावे, असे आम्ही सुचवतो. आंब्याच्या जनुकांची जुळणी असो की वादळात किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचे गणित, विभागात घेतलेल्या दोन-तीन सर्व्हरांवर ते होत नाही. 2015 मध्ये मंजूर झालेल्या 4500 कोटींच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून वाराणसीला ‘परम शिवाय’, पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत ‘परम ब्रह्म’ अशी यंत्रे आली. कोकणात यंत्र आणताना मात्र पुण्याचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

सर्वांत आधी जागा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले. त्यामुळे केंद्र कातळसड्यावरच, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठारावरच हवे. पण सड्याचेही एक दुखणे आहे. तिथला जांभा दगड एप्रिल-मेमध्ये कोरडा पडला की अर्थिंगचा रोध, म्हणजे वीज जमिनीत उतरायला होणारा अडथळा वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी वळवाच्या विजा कोसळतात. पावसाळ्यात मोजलेला आकडा चांगलाच येतो, त्यावर विसंबू नये. अर्थिंगची स्वीकृती चाचणी मेमध्येच घ्यावी.

आता विजेचा हिशोब. प्रत्येकी 48 कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणन करणारे भाग) आणि 192 जीबी मेमरीचे 100 नोड, म्हणजे एकमेकांना जोडलेले 100 संगणक धरले, तर पूर्ण भारावर नोडमागे साधारण 800 वॅट, म्हणजे 80 किलोवॅट लागतील. कूलिंग आणि यूपीएसमधली (वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रे चालवणाऱ्या साधनातली) गळती धरून 120. वर्षाला साडेदहा लाख युनिट होतात. युनिटला 10 रुपये धरले तरी बिल कोटीच्या वर जाते. ही तरतूद पाच वर्षांसाठी आधीच लिहून घेतली नाही, तर केंद्र वीजबिलावरच अडेल.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. 120 किलोवॅटचा भार जनरेटरवर ओढायचा तर दिवसाला सातशे-आठशे लिटर डिझेल जाईल. ते परवडणारे नाही आणि रस्ते बंद असताना मिळणारही नाही. म्हणून लाइट गेल्यावर गणन नोड 15 मिनिटांत आपोआप नीट बंद व्हावेत, आणि जनरेटरवर फक्त साठवण, लॉगिन नोड (संशोधक ज्यातून यंत्रात शिरतात तो संगणक) व त्यांच्यापुरते कूलिंग राहावे. पंप आणि पंखेही यूपीएसवर हवेतच. हे खर्चकपातीत हमखास वगळले जाते. मग नोड चालू आणि कूलिंग बंद अशा स्थितीत खोली काही मिनिटांत तापते आणि बॅटरी शिल्लक असूनही यंत्रे बंद पडतात.

कूलिंगवर आम्हाला सर्वांत जास्त भर द्यावासा वाटतो. कूलिंग टॉवर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो आणि आपल्या दमट हवेत तो मंदावतो. शिवाय 80 किलोवॅट उष्णतेसाठी रोज अडीच-तीन हजार लिटर पाणी वाफ होऊन जाते. वाड्यावाड्यांवर टँकर फिरत असताना हे शोभत नाही. त्यापेक्षा प्रोसेसरवर थेट बसवलेल्या पट्ट्यांतून 40 अंशांचे पाणी फिरवणारी बंद व्यवस्था घ्यावी. रत्नागिरीत मेमध्येही दुपारचे तापमान बहुधा 33-34 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे ते पाणी कॉम्प्रेसरशिवाय, साध्या रेडिएटरने थंड होऊ शकते. उन्हाळ्यात कोरड्या पण फार तापणाऱ्या विदर्भाला हा लाभ नाही. उरलेली उष्णता एसीने काढताना खोलीचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, 15 अंशांखाली ठेवावा. पावसाळ्यात बाहेर तो 24-25 असतो, म्हणून दरवाजा दुहेरी हवा आणि थंड पाण्याच्या नळांवर सांधासुद्धा उघडा न ठेवता आवरण हवे. नाहीतर नळांना घाम सुटून ते पाणी केबलींवर ठिबकते.

नेटवर्कसाठी दोन वेगळ्या मार्गांनी फायबर घ्यावी. एक महामार्गाच्या खोदकामात तुटली तरी दुसरी चालते. 100 मेगाबिटच्या जोडणीवरून एक टेराबाइट जायला 22 तास लागतात, 10 गिगाबिटवरून पाऊण तासाच्या निम्म्याहूनही कमी.

माणसे किमान चार हवीत, कायम पदांवर : एक यंत्रणा सांभाळणारा, एक वीज-कूलिंग पाहणारा आणि दोघे संशोधकांच्या शेजारी बसून प्रोग्राम समांतर, म्हणजे एकाच वेळी अनेक कोअरवर चालेल असा करून देणारे. हे दोघे नसतील तर एका कोअरवर चालणारा प्रोग्राम 48 कोअर अडवून बसतो, तीन तासांच्या जॉबसाठी (यंत्राला दिलेल्या कामासाठी) 48 तास मागितले जातात आणि रांग तुंबते. लाखो बारीक फायली लिहून सामाईक साठवण मंदावण्याचा प्रकारही तेच थांबवू शकतात. दर तासाला अर्धवट निकाल जतन करण्याची सवय पहिल्याच प्रशिक्षणात लावावी. आपल्याकडे वीज जाणारच.

खाऱ्या हवेने रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या आणि बोर्डावरचे सांधे गंजतात. निविदा काढण्याआधी निवडलेल्या जागी तांब्याची आणि चांदीची पट्टी 30 दिवस ठेवून तपासून घ्यावी : तांब्यावर महिन्याला 300 आणि चांदीवर 200 अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत गंजाचा थर चढला तरच ती हवा यंत्रांना चालते. पट्टी एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैत, वारा समुद्रावरून येत असताना ठेवावी.

– संगणक केंद्रांत काम करणारे काही तंत्रज्ञ, रत्नागिरी