दुखणे फक्त मणक्यात नसते

‘कंबरदुखी म्हणजे मणक्याची झीज’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. अशी झीज काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते. वेदनेचा संदेश चेतातंतूंमधील सोडियम वाहिन्यांमुळे, म्हणजे सोडियमचे कण आत सोडणाऱ्या सूक्ष्म दारांमुळे, पुढे जातो. सूज टिकून राहिली की त्या सहज उघडू लागतात आणि वाकले तरी कळ येते. दिंडोरीकडे द्राक्षांचे क्रेट उचलून आयुष्य काढलेले माझे वडील सकाळी खाटेची कड धरून उठतात. ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ हे ऐकून ते परतले, तेव्हा वाईट वाटले. अशीच एक सोडियम वाहिनी रोखणाऱ्या सुझेट्रिजिन या वेदनाशामक औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. पण अल्पकालीन वेदनेसाठीच. जुनाट कंबरदुखीचे काय, यावर तज्ज्ञांकडून लिहून घ्यावे.

– एक वाचक, म्हसरूळ, नाशिक