आजीच्या त्या शॉटबद्दल

सातारा,
बुधवार, रात्र

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आजीचा तो शॉट ठेवू का?" आणि मी "लिहून कळवते" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई टाळतेय. टाळत नव्हते. दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही. गेलेल्या अप्पांचा स्वेटर कुणाला तरी द्यायचा म्हणून आजी घडी घालत होती, खिशातून त्यांचा एसटीचा पास निघाला, त्यावरचा फोटो तिने पाहिला आणि ती तशीच खाली बसली. तू कोपऱ्यात कॅमेरा घेऊन आहेस हे ती पार विसरली होती. मी दाराशी उभी होते. मीही तुला थांबवलं नाही, हे आधी सांगून टाकते.

तुझे सर म्हणाले की हाच शॉट फिल्मचा जीव आहे. असेलही. पण मला राहून राहून तो पोलंडचा सिनेदिग्दर्शक किस्लोव्हस्की आठवतोय. त्याचा 'ब्ल्यू' तू पाहिला आहेस, 'रेड' तुझा आवडता आहे. मला त्याच्या त्याआधीच्या वर्षांबद्दल बोलायचं आहे. लग्नाआधी मी पुण्यात नोकरीला होते, तेव्हा लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये संध्याकाळी सिनेमे बघायला जायचे. तिथे त्याचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं आणि मग मिळेल तिथून त्याच्याबद्दल वाचत गेले.

क्रिस्तॉफ किस्लोव्हस्की वॉर्साचा, जन्म १९४१ चा, म्हणजे ऐन महायुद्धातला. वडील इंजिनिअर, पण क्षयाने पोखरलेले. या आरोग्यधामातून त्या आरोग्यधामात, असं सगळ्या घराचंच विंचवाचं बिऱ्हाड. त्यातल्या एका डोंगरातल्या गावी गावच्या सभागृहात सिनेमे लागायचे. तिकिटाला पैसे नसायचे, म्हणून पोरं छपरावर चढून हवेच्या झरोक्यातून दिसेल तेवढा पडदा बघायची. त्यात हाही असायचा. पुढे अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाला गेला आणि तीन महिन्यांत परत आला. मग नाटकाच्या तांत्रिक बाजूचं शिक्षण. वूचच्या फिल्म स्कूलने (नकाशात ते लोड्झ असं दिसतं) त्याला दोनदा नाकारलं, तिसऱ्यांदा घेतलं. ते १९६४ साल.

तिथून बाहेर पडला तो माहितीपट करायलाच. त्याच्या देशात वर्तमानपत्रं आणि टीव्ही सरकारी. त्यांत जो पोलंड दिसायचा त्यात लोकांचं रोजचं जगणं नसायचं. ते जसं आहे तसं नोंदवून ठेवावं, एवढीच त्याची ओढ. 'हॉस्पिटल' नावाच्या फिल्ममध्ये हाडांचे डॉक्टर सलग ३२ तासांच्या ड्युटीवर आहेत. हातातली अवजारं मोडतायत, वीज जातेय, तरी ते काम करतायत. कुठेही भाष्य नाही. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात रात्र काढलेल्या कुणालाही ती फिल्म कळेल.

पण तुझ्या प्रश्नाशी ज्या फिल्मचं नातं आहे ती 'फर्स्ट लव्ह', १९७४ ची, टीव्हीसाठी केलेली. सतरा वर्षांची गरोदर मुलगी आणि तिचा तरुण मित्र. त्यांचं लग्न, घरासाठीची वणवण, बाळंतपण, सगळ्यात कॅमेरा त्यांच्या मागे. बाळ झाल्यावर तो कोवळा बाप फोनवर घरी कळवतो आणि रडतो. ते खरं रडणं आहे. कुणालाही हेवा वाटावा असा शॉट. आणि ज्याने तो मिळवला त्यानेच पुढे सांगितलं की मला खऱ्या अश्रूंची भीती वाटते, ते टिपायचा हक्क मला आहे की नाही हेच मला ठाऊक नाही. जिथे पाऊल टाकायला मनाई आहे अशा जागी आपण येऊन पडलोय असं त्याला वाटायचं. नटांच्या डोळ्यांत खोटे अश्रू आणायला आता माझ्याकडे ग्लिसरीन आहे, असंही तो म्हणाला. माहितीपट सोडण्याचं मुख्य कारण त्याने हेच दिलं.

मनू, हे मी फार वर्षांपूर्वी वाचलं, पण समजलं त्या दिवशी दाराशी उभी असताना.

त्याची ही भीती नुसती मनातली नव्हती. १९७७ मध्ये त्याने एका कारखान्याच्या पहारेकऱ्यावर फिल्म केली. शिस्तीचं वेड असलेला माणूस, सगळ्यांवर नजर ठेवावी, कडक शिक्षा व्हाव्यात, असं कॅमेऱ्यासमोर बिनदिक्कत बोलणारा. ती टीव्हीवर दाखवायला त्याने विरोध केला, कारण शेजारीपाजारी त्या माणसाला टोचून खातील. ज्याची मतं पटत नाहीत त्याच्यासाठीसुद्धा त्याने हे केलं. आणि १९८० मध्ये तो वॉर्साच्या रेल्वे स्टेशनवर रात्री शूटिंग करत होता, तेव्हा पोलीस येऊन सगळं फुटेज घेऊन गेले. एका मुलीने आईचा खून करून मृतदेहाचे तुकडे स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवले होते. ती कॅमेऱ्यात आली असेल अशी पोलिसांना शंका. ती आलेली नव्हती, फुटेज परत मिळालं. पण कॅमेरा जरा इकडे वळला असता तर आपण न कळत पोलिसांचे खबरी झालो असतो, या विचाराने तो हादरला. आपण काय टिपलंय हे आपल्याला ठाऊक असतं, पुढे त्याचं काय होईल ते आपल्या हातात नसतं.

तू म्हणशील, मग कॅमेरा उचलायचाच नाही का? तसं मला अजिबात म्हणायचं नाही. त्याच्याच आयुष्यातली एक उलटी गोष्ट ऐक. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला. पुढच्या वर्षी त्याला राजकीय खटले चित्रित करायचे होते. परवानगी मिळाली, कॅमेरा कोर्टात उभा राहिला, आणि न्यायाधीश कडक शिक्षा देईनात! अशी शिक्षा सुनावताना आपला चेहरा फिल्मवर राहावा हे कुणालाच नको होतं. मग वकील स्वतः त्याला बोलवायला लागले, कॅमेऱ्यात रीळ नसलं तरी चालेल, नुसता येऊन उभा राहा म्हणून. फिल्म झालीच नाही, पण कॅमेरा समोर असल्यामुळे माणसं वाचली. तिथेच त्याला पिएसिएविच हा वकील भेटला, आणि त्या दोघांनी पुढे 'डेकलॉग'च्या दहाही कथा एकत्र लिहिल्या. बायबलमधल्या दहा आज्ञा, तासाभराच्या दहा फिल्म, सगळ्या वॉर्सामधल्या एकाच वसाहतीत घडणाऱ्या, आणि केल्या कुणासाठी, तर टीव्हीसाठी. टीव्हीवर काम करावं लागेल म्हणून तू नाक मुरडतेस तेव्हा मला हे बोलायचं असतं, पण ते पुन्हा कधीतरी.

'कॅमेरा बफ' मिळवून बघ, १९७९ चा. साधा कारखान्यातला कामगार, बाळ होणार म्हणून छोटा कॅमेरा घेतो आणि त्याचं वेड लागून सगळं घालवून बसतो. संसार मोडतो, त्याच्या फिल्ममुळे एका भल्या माणसाची नोकरी जाते. पण त्याच सिनेमात एक मित्र आहे. या कामगाराने सहज म्हणून त्या मित्राची आई खिडकीत हात हलवताना टिपलेली असते. आई जाते. मित्र येऊन तेवढा तुकडा बघतो, आणि तुम्ही फार सुंदर काम करता असं सांगतो. माणूस गेला तरी इथे आहे. हे दोन्ही त्या दिग्दर्शकाने एकाच सिनेमात ठेवलं. एकाचं पारडं जड करून मोकळा झाला नाही, म्हणून मला तो एवढा जवळचा वाटतो.

आणि दुःख दाखवायला दरवेळी डोळेच लागतात असं नाही. 'ब्ल्यू'मधली ज्यूली नवरा आणि मुलगी गेल्यावर रडत नाही, म्हाताऱ्या मोलकरणीला विचारते, का रडतेस? ती म्हणते, तुम्ही रडत नाही म्हणून. आणि तो साखरेचा क्यूब आठव. कॉफी पाच सेकंदांत शोषून घेणारा क्यूब मिळावा म्हणून त्याने सहायकाला कितीतरी प्रकारच्या साखरा तपासायला लावल्या. पाच सेकंद, कारण ज्यूलीला जगाकडे बघायचंच नाही हे तेवढ्यात कळतं, आठ सेकंद झाले की बघणारा कंटाळतो. या 'ब्ल्यू'ला १९९३ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, 'रेड' झाल्यावर, आता सिनेमा करणार नाही असं त्याने जाहीर केलं, आणि मार्च १९९६ मध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर गेला. ५४ वर्षांचा होता फक्त. बातमी पेपरात वाचली तेव्हा तू पोटात होतीस.

तुझ्याकडेही पास आहे, स्वेटर आहे, आजीचे घडी घालणारे हात आहेत. ती खाली बसायच्या आधीचा शॉट मी तुझ्या लॅपटॉपवर पाहिला होता. हात मध्येच थांबतात, एवढंच. माझ्या पोटात तिथेच कालवलं होतं. पण काय ठेवायचं ते मी नाही ठरवणार, तुझे सरही नाहीत. आजीला विचार. "फिल्ममध्ये घेऊ ना?" असं घाईघाईने नको, ती तुला कशालाच नाही म्हणत नाही हे तुला ठाऊक आहे. आधी तिला सगळं दाखव, गावातले, नातेवाईक, अनोळखी लोक हे बघतील ते सांग, आणि उत्तरासाठी दोन दिवस दे. ती नको म्हणाली तर तो भाग तिच्यासमोर पुसून टाक. हो म्हणाली तर ती हिंमत तिची आहे, मग तू तो शॉट एक सेकंदही कमी करू नकोस.

शनिवारी ये. ती हल्ली सातलाच जेवते, त्यानंतर बसा दोघी. आवाज मोठा ठेव, उजव्या कानाचं यंत्र दुरुस्तीला टाकलंय. आणि स्वेटर अजून कुणाला दिलेला नाही, तो तिच्या उशाशी आहे. पास तिने मला देवघराच्या खणात ठेवायला सांगितला, तिथेच आहे.

तुझी,
आई