इशानचा निकाल मार्चवर गेला, त्याबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
20 डिसेंबर

प्रिय नंद्या,

तुझा फोन आला तेव्हा मी गाडीत होतो, धड बोलता आलं नाही. तुमच्याकडं पहाट होती आणि वहिनी मागून ‘डिफर म्हणजे नापास का हो?’ असं विचारत होत्या, ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. व्हॉट्सअॅपवर हे मावणारं नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

वहिनींना आधी सांग, नापास नाही. तुझ्या इशाननं 1 नोव्हेंबरला इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजात अर्ली डिसिजनचा, म्हणजे ‘लवकर वाचा, घेतलंत तर तुमच्याकडंच येईन’ असा जो अर्ज भरला, तो त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. आता नियमित अर्जांबरोबर तो परत वाचतील आणि मार्चअखेर काय ते सांगतील. वेटिंग लिस्ट ही याहून वेगळी भानगड. ती मार्चनंतरची, आणि घेतलेली मुलं गळली तरच तिच्यातून कुणाचा नंबर लागतो.

एक गोष्ट मात्र कालच बदलली. ‘घेतलंत तर तुमच्याकडंच येईन’ या करारावर इशाननं, तू आणि त्याच्या कॉलेजातल्या सरांनी सह्या केल्या होत्या ना, तो आता सुटला. मार्चमध्ये त्यांनी हो म्हटलं तरी जायचं की नाही, हे 1 मेपर्यंत तुम्ही ठरवायचं.

शक्यता किती, हा तुझा खरा प्रश्न. त्यानं अर्ज केला त्या कॉलेजचे आकडे माझ्याकडं नाहीत, इथल्या एमआयटीचे सांगतो. 2023च्या हिवाळ्यात त्यांच्याकडं अर्ली अॅक्शनचे, म्हणजे लवकरचे पण कराराचं बंधन नसलेले, 12,563 अर्ज आले. घेतले 661. आणि आठ हजारांवर मुलांना मार्चवर ढकललं. म्हणजे डिफर होणाऱ्यांचा घोळका भला मोठा, आणि त्यातून पुढं आत जाणारे थोडेच. इशानला हे असंच सांग. ‘होईल रे, काळजी करू नकोस’ म्हटलंस तर तो मार्चपर्यंत कशालाच हात लावणार नाही.

आपल्याला हे पचायला जड जातं, कारण आपण मेरिट लिस्टमध्ये वाढलो. कॉलेजच्या फळ्यावर यादी लागायची, शेवटचा आकडा दिसायचा, आणि एका मार्कानं हुकलं तर कोणत्या विषयातला तो मार्क, हेही आपण घरी जाईपर्यंत शोधून काढायचो. इथं कटऑफच नाही. यंदा ऑर्केस्ट्राला कुणी हवंय का, कुठल्या राज्यातून कुणीच आलेलं नाही का, परदेशी मुलाची फी कोण भरणार, असं सगळं पाहून वर्ग जुळवतात. त्यामुळं ‘नेमकं कुठं कमी पडलं’ ही चौकशी थांबव. त्याला उत्तर नाही, आणि पोरगं उगाच स्वतःत खोट शोधत बसतं. कॉलेजला फोनही करू नकोस. पालकांचे फोन त्यांना अजिबात आवडत नाहीत.

करण्यासारखं एकच आहे: एक पत्र. आधी त्यांच्या पोर्टलवर नीट वाचा. काही कॉलेजं स्वतःचा फॉर्म देतात, काही चक्क ‘काही पाठवू नका’ म्हणतात. चालत असेल तर एका पानाचं, इशानच्या हातचं. तुझ्या हातचं नको आणि पैसे घेऊन लिहून देणाऱ्या कन्सल्टंटचं तर नकोच. ‘आपली महान संस्था’ वगैरे आरती ओवाळू नये. 1 नोव्हेंबरनंतर काय घडलं, तेवढंच लिहावं. त्याच्या मामाच्या निफाडच्या कांदा चाळीत त्यानं ते आर्द्रता मोजणारे सेन्सर लावले होते. चाळ आता रिकामी झाली असेल. सडलेला कांदा कुठल्या कप्प्यातून जास्त निघाला, आणि सेन्सरनं त्याच कप्प्यात ओल दाखवली होती का? जुळलं असेल तर तसं लिहू दे. नसेल जुळलं तर ते का, हे लिहिलं तर अजून बरं. अर्ज भरताना ही माहिती त्याच्याकडं नव्हतीच. शेवटी ‘घेतलंत तर नक्की येईन’ हे वाक्य खरं असेल तरच लिहावं. आता कराराचं बंधन नाही, म्हणून ते खोटं लिहिणं जास्त वाईट.

पत्राची घाई नाही. जानेवारीत प्रिलिमचे मार्क येतील, ते सर मिडइयर रिपोर्टमधून, म्हणजे वर्षाच्या मध्यावरच्या गुणपत्रकातून, पाठवतील, त्याच सुमारास हेही जाऊ दे. घाई आहे ती बाकीच्या अर्जांची. बहुतेक कॉलेजांच्या तारखा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतात. अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही तेव्हाच असते, पण तिथं पुन्हा तोच करार. स्कॉलरशिप किती देणार ते कळल्याशिवाय सही करायला तू काही अंबानी नाहीस. माझं मत विचारशील तर त्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा त्यानं अशी दोन-तीन कॉलेजं निवडावीत जिथं नंबर लागण्याजोगा आहे, आणि तिथं आपण काय शिकू हे आत्ताच मन लावून वाचून काढावं. जानेवारीतलं जेईई मेनही सोडायचं नाही, नाहीतर एप्रिलात सीईटीच्या वेळी सगळ्याच बाजूंनी हात रिकामे.

आमच्या मुक्ताला इथल्याच एका कॉलेजनं असंच लटकवलं होतं. पहिले काही दिवस ती दर तासाला पोर्टल उघडायची, जणू कुणी गुपचूप निकाल बदलून ठेवणार होतं. मग तिनंच ठरवलं: कॉलेजचा विषय घरात फक्त रविवारी सकाळी, चहा संपेपर्यंत. आम्हालाही तोच नियम. सुमाला फार जड गेलं, ती शनिवारी रात्रीच प्रश्न लिहून ठेवायची! मंडळाच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलंच, ‘काय गं, कुठं लागला नंबर?’ मुक्ता म्हणाली, ‘मार्चमध्ये कळेल काकू, आधी तिळगूळ द्या.’ इशानलाही असलं एखादं उत्तर तयार ठेवायला सांग, तुझ्या चुलत्यांसाठी तर हमखास.

तिला शेवटी नकारच आला. त्या रात्री जेवली नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. आता रटगर्समध्ये, इथल्या न्यू जर्सीच्या विद्यापीठात, दुसऱ्या वर्षाला आहे, प्रयोगशाळेत माशांच्या अंड्यांवर काहीतरी करते आणि मला समजावून सांगायचा कंटाळा करते. तिला जुन्या कॉलेजाबद्दल विचारलं तर म्हणते, ‘वाईट वाटतं कधीकधी.’ वाटू दे. त्यावर मी काही बोलत नाही.

मार्चचा निकाल इथल्या संध्याकाळी सातला लागला, तर तुमच्याकडं पहाटेचे साडेचार होतील. इशानला एकट्याला बघायचं असेल तर बघू दे, दाराशी उभे राहू नका. पत्राचा मसुदा मला पाठवू नका, मी उगाच दुरुस्त्या करीन. त्याच्या इंग्रजीच्या बाईंना दाखवा. फीचा आणि स्कॉलरशिपचा हिशेब मात्र माझ्याकडं धाड, ते फॉर्म मी भरलेले आहेत. रविवारी तुमच्या रात्री फोन करतो.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या