'अनामत जप्त' म्हणजे नुसता पराभव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'बाकी सर्वांची अनामत जप्त', म्हणजे उमेदवारी अर्ज भरताना ठेवलेली रक्कम गेली, हे वाक्य वृत्तपत्रांत ठरल्यासारखं येतं. पुष्कळदा लिहिणाऱ्याला त्यातून 'दणकून हरले' एवढंच सांगायचं असतं. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं, मतमोजणीच्या टेबलावरही बसलो. ही चूक मला साधी वाटत नाही.

आपल्याकडं हरलेला उमेदवार 'पडला' म्हणतात. या शब्दात अपमान नाही. खासबागेत चितपट झालेल्या मल्लाच्या पाठीवरही लोक थाप मारतात. पण 'डिपॉझिट गुल झालं' हे गावात वर्षानुवर्षं माणसाच्या मागं लागतं.

माझे थोरले मेहुणे विधानसभेला अपक्ष उभे होते. तिसरे आले. एका दैनिकानं त्यांची अनामत जप्त झाल्याचं छापलं. प्रत्यक्षात ती वाचली होती, तीही जेमतेम शंभरेक मतांनी. पुढं पावती दाखवून त्यांनी दहा हजार रुपये परत घेतले. पण पारावर, दूध संस्थेत, सोयरिकीच्या बैठकीत सुद्धा त्यांची ओळख 'डिपॉझिट गेलेले' अशीच राहिली. पैसे परत मिळाल्याची बातमी कोण छापणार? त्यांच्या आईनं पासबुकातली ती नोंद घरी येईल त्याला दाखवली. त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ओळ नेमकी कुठली ते बोटाला पाठ होतं.

चूक कशी झाली, ते मी आकडे घेऊन तपासलं. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 158 प्रमाणे सर्व उमेदवारांना मिळालेल्या एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत, तर अनामत जप्त होते. बरोबर एक षष्ठांश मिळाली तरी जातेच. 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हा पर्याय, 2013 पासून आला, पण या हिशेबात ती मतं धरायची नसतात. समजा, उमेदवारांना मिळून 1,80,000 वैध मतं पडली, तर सीमा 30,000 ची. त्यात 'नोटा'ची 1,800 मिळवून भागलं की ती 30,300 होते. मधल्या तीनशे मतांत सापडलेल्या माणसाची अनामत कागदावर सुरक्षित असते आणि बातमीत जप्त. मेहुण्यांचं नेमकं हेच झालं होतं.

उलट बाजूही पाहा. बहुरंगी लढतीत एखादा एक षष्ठांशाहून कमी मतांवर निवडून आला, तरी त्याची अनामत परत मिळते. आणि दोघांतच सरळ लढत असेल, तर पन्नास हजारांनी पडलेल्याचीही अनामत बहुधा शाबूत असते. म्हणजे मताधिक्याच्या आकड्यावरून अनामतीचा अंदाज बांधताच येत नाही.

रक्कम आज लोकसभेला 25,000 आणि विधानसभेला 10,000 रुपये आहे; अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. 1951 मध्ये ती 500 आणि 250 होती. गंमत म्हणून कुणी अर्ज भरू नये, एवढ्यासाठीच ही तरतूद. 'अनामत' हा अरबी 'अमानत'वरून आलेला शब्द, म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव. ती गेली असं कुणाबद्दल लिहिताना सहानं एक भागाकार करायला किती वेळ लागतो?

माझी विनंती एवढीच आहे. निकालाच्या तक्त्याखाली 'वैध मतं (नोटा वगळून)' आणि 'त्यांचा सहावा हिस्सा' हे दोन आकडे छापत जा. ज्याची मतं त्या दुसऱ्या आकड्याच्या वर असतील, त्याच्यापुढं 'पराभूत' लिहा. किंवा आपल्या कोल्हापुरी भाषेत 'पडला' लिहा, चालेल.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर